शंभरातली एकाहत्तर कलमं

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

आज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला, वाटीत सुंठवडा काढून ठेवला, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी फोन उघडून एका मुलीला खोटं सांगितलं. 'खोटं' लिहावं की 'अपुरं' लिहावं, याचा विचार दिवसभर केला. आता लिहून झालं आहे, राहू दे.

ती मुलगी वैभवी. वरूडकडची, संत्र्याच्या बागेतच वाढलेली, विद्यापीठात पीएच.डी. करते. आमची ओळख 'रोपटं'मुळे. रोपटं म्हणजे आमचा टेलिग्रामवरचा समूह. टाळेबंदीत मी आणि आमच्या नागपूरच्या संशोधन संस्थेतल्या सुशीलने तो सुरू केला, मराठी शाळांतून येऊन झाडाझुडपांचं शास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी. इंग्रजी पेपर कसा वाचायचा, गाईडशी कसं बोलायचं, मुलाखतीत काय विचारतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आज समूहात अकराशे चाळीस जण आहेत. नवा माणूस आला की एका जुन्या माणसाशी त्याची जोडी लावून देतो. वैभवी तीन वर्षांपासून माझी जोडी.

तिने आज सगळ्यांसमोर विचारलं, "भोयर सर, तुमच्या पेपरप्रमाणे, उन्हात कलमं तगावीत म्हणून, कोरफडीच्या गराची फवारणी तीन उन्हाळे करून पाहिली. तुमची शंभरातली एकाहत्तर कलमं जगली. माझी चाळीस. आणि न फवारलेली एकोणचाळीस. माझं काय चुकतंय?"

मी लिहिलं, "हात बसायला वेळ लागतो, वैभवी. गर पातळ होत असेल, किंवा पानाच्या खालच्या बाजूला पोचत नसेल. खचू नकोस, चौथ्या वेळी जमेल."

दहा मिनिटांत शहाऐंशी जणांनी हात जोडले. कुणीतरी लिहिलं, असे गुरू मिळायला भाग्य लागतं. तिने लिहिलं, "बरं सर. परत करते."

जे लिहिलं नाही ते इथे लिहितो. दोन वर्षांपूर्वी, ३१ मेला, आमच्या शेडनेटमधला माळी नत्थू निवृत्त झाला. निरोपाला सांबारवडी होती. खाता खाता तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सायेब, तुमचं ते एकाहत्तरवालं काम म्या जगवलं बरं का! मे महिन्यात तुमचे निळ्या चिठ्ठीचे ट्रे मी रोज दुपारी कूलरपाशी नेऊन ठेवत होतो. सहा वाजले का परत जागेवर. लेकरावानी सांभाळले."

सगळे हसले. मीही हसलो आणि त्याला शाल-श्रीफळ दिलं. निळी चिठ्ठी म्हणजे फवारलेली कलमं. पांढरी चिठ्ठी म्हणजे न फवारलेली. पांढरे ट्रे शेडच्या दुसऱ्या टोकाला, पंचेचाळीस अंशांत उभे होते. म्हणजे कलमं कोरफडीने जगली नाहीत, कूलरच्या गारव्याने जगली. पंचवीस वर्षं या कामात असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हाताऱ्याची बढाई, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. त्याच पेपरवर मी प्रधान शास्त्रज्ञ झालो.

१० एप्रिल, गुरुवार

उपास. साबुदाण्याची खिचडी अर्धीच खाल्ली. बायको, गोपिका, म्हणाली, "काहून, खारट झाली काय?" मी नाही म्हणालो.

आमच्या गावच्या शाळेत चंपतराव गुरुजी होते. पाचवीत एकदा शुक्रवारी त्यांनी व्याजाचं गणित चुकीचं शिकवलं. सोमवारी आले, फळ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, परवा मी चुकलो." आम्ही खूप हसलो. त्यांनी हसू दिलं. मग नीट शिकवलं. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत मौन असायचं, तेव्हाही आम्हाला त्या गणिताचंच हसू येत होतं.

त्यांच्याजवळ गमवायला काय होतं, असं आज मनात आलं. हा विचार चांगला नाही.

२० एप्रिल, रविवार

रोपटंची रविवारची बैठक. दर बैठकीला एक जण आपला फसलेला प्रयोग सांगतो, आणि बाकीचे झारीचं चित्र टाकतात, म्हणजे 'पाणी घातलं'. ही पद्धत मीच पाडली. चूक सांगितली की मूळ धरतं, असं मी पहिल्या वर्षी म्हणालो होतो, ते सुशीलने समूहाच्या माथ्यावर लिहून ठेवलं आहे.

आज एका मुलाने सांगितलं की त्याने आठ महिने ज्या बुरशीचा अभ्यास केला ती पानावरची नव्हती, त्याच्या स्वतःच्या नखातली होती. सगळे पोट धरून हसले. दोनशे झाऱ्या पडल्या.

शेवटी वैभवीने विचारलं, "एस.टी.च्या टपावर कूलर नेता येते का?" सुशील म्हणाला, "अगं, कंडक्टरले पटवलं तं म्हैस बी जाते." ती म्हणाली की होस्टेलची खोली फार तापते. ऐकून बरं वाटलं. खोल्या तापतातच.

२४ एप्रिल, गुरुवार

वैभवीला कुरिअरने पितळी तोंडाचा फवारा पाठवला, संस्थेतल्या कोरफडीची चार पिल्लंही. सोबत तिने न मागता एक शिफारसपत्र लिहून दिलं, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. 'अत्यंत प्रामाणिक' असं लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिलो.

गोपिकेने खोक्यात कोरफड पाहिली. "वरूडच्या पोरीले नागपूरहून कोरफड? तिच्या वावराच्या धुऱ्यावर काय कमी आहे?"

४ मे, रविवार

बैठकीनंतर वैभवीचा फोन. सतरा जूनला तिची समिती आहे. पाच जण बसतात, तीन वर्षांचं काम पाहतात, आणि शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवतात. तिचे गाईड तिला म्हणाले, "छापलेला प्रयोग आहे, सगळीकडे त्याचा उल्लेख होतो, आणि तुझ्याच हातून होत नाही. मग विषयात दोष नाही." भाऊ म्हणतो, तलाठ्याची परीक्षा दे, क्लास लावून देतो.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मले तं इथंच राहायचं आहे सर. पण समितीपुढे काय उभं राहून सांगू? का माझा हात वाईट आहे?"

मी म्हणालो, प्रयत्न सोडू नकोस. तिने विचारलं, "सर, तेव्हा शेडमध्ये तुमच्यासोबत कोण होतं?"

मी नत्थूचं नाव सांगितलं. निवृत्त झाला, आता फारसं आठवत नाही त्याला, असंही म्हणालो. कुठे राहतात, तिने विचारलं. लकडगंजकडे, म्हणालो.

फोन ठेवल्यावर जाणवलं की त्या पेपरच्या आभारांत नत्थूचं नाव नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं. आजकालची मुलं या बाबतीत आमच्यापेक्षा चांगली आहेत.

१४ मे, बुधवार

पंचेचाळीस अंश. घरच्या कूलरच्या जाळीतलं लाकडाच्या किसाचं वूडवूल कुजून गेलं होतं, ते आणायला लकडगंजला गेलो. नत्थूच्या मुलाची तिथे लाकडं चिरायची आरामशीन आहे. शेजारच्या टपरीत नत्थू बसतो आणि लोकांच्या कूलरच्या जाळ्या भरून देतो. मला पाहून उठला, खुर्ची पुसली.

"या सायेब, या! गावाकडची एक पोरगी बी आली होती मागच्या हप्त्यात."

"कोण पोरगी?"

"वैभवी म्हणे. दोन घंटे बसली. चाय घेतली, सुनेनं पोहे दिले. तुमच्या त्या कामाचं विचारत होती. ट्रे कोठी ठेवत होतो, कितीक वाजता उचलत होतो, कूलर कोणत्या भिताडाले होता. सारं कागदावर काढून घेतलं तिनं."

"मग तू काय सांगितलंस?"

"जे झालं तेच सांगितलं." तो थांबला, माझ्याकडे पाहिलं. "काहून, सांगाचं नव्हतं काय?"

"तसं नाही."

"तीस वर्षं काम केलं सायेब, पण मले आजवर कोणी विचारलं नाही का नत्थू, तू काय करून राहिला. तिनं विचारलं." त्याला आनंद झाला होता. जाळीत वूडवूल दाबून बसवत तो बोलत राहिला. मी त्याला कामाचे पैसे दिले, तो घेईना, मी ते फळीवर ठेवून आलो.

१६ मे, शुक्रवार

दोन दिवस काही सुचलं नाही. मग काल प्रार्थनेला बसलो असता एकदम मन हलकं झालं. वैभवीला सगळं कळून आठवडा उलटला. तिने समूहात एक शब्द लिहिला नाही. गाईडला सांगितलं नाही. मलाही नाही. म्हणजे तिने मनातल्या मनात मला क्षमा केली आहे. अशी मुलं विरळाच. देव कोणत्या रूपाने हात देईल सांगता येत नाही.

आज दुपारी चांगली झोप लागली. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गोपिका म्हणाली, "आज काय भेटलं?"

१ जून, रविवार

रोपटंला पाच वर्षं झाली. सुशीलने धरमपेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये बैठक ठेवली. चाळीस जण प्रत्यक्ष आले, बाकीचे फोनवर. मला नारळ दिला. मग सुशील माईकवर म्हणाला, "भाऊ, पाच वर्षांत अडीचशे फसलेले प्रयोग ऐकले. पण सरांचा नंबर काही लागला नाही. सर, आज सोडत नाही तुम्हाले!"

मी उठलो. खरंच वाटलं होतं की आता सांगतो. तोंड उघडलं आणि ऑटोक्लेव्हची गोष्ट सांगितली. एम.एस्सी.ला असताना मी निर्जंतुक करायच्या डब्यात चुकून मित्राचा जेवणाचा डबाही ठेवला होता, आणि वांग्याची भाजी एकशे एकवीस अंशांवर शिजली. गोष्ट खरी आहे. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. समूहात तीनशे बारा झाऱ्या पडल्या. एवढ्या आजवर कुणाला पडल्या नव्हत्या. 'एवढा मोठा माणूस, किती मोकळेपणा' असं कुणी लिहिलं.

वैभवीने झारी टाकली नाही. लिहिलं, "आणखी एखादा सांगा सर."

तिला गोष्ट आवडलेली दिसते. पुढच्या वेळी सांगेन असं उत्तर दिलं. पण घरी येताना गाडी चालवताना कान गरम झाले होते. नारळ गोपिकेने फोडला, तो नासका निघाला. अशा गोष्टींना अर्थ नसतो, हे मी मुलांना नेहमी सांगतो.

५ जून, गुरुवार

वैभवीचा समितीसाठीचा अहवाल आला. 'सर, तुमच्या नजरेखालून जाऊ दे.'

बेचाळीस पानं. या उन्हाळ्यात तिने चार गट केले. फवारलेली आणि कूलरजवळची. फवारलेली आणि लांबची. न फवारलेली आणि कूलरजवळची. न फवारलेली आणि लांबची. कूलरजवळ ठेवलेली न फवारलेली कलमं शंभरातली एकोणसत्तर जगली. फवारलेली सत्तर. लांब ठेवलेली दोन्हीकडची चाळीसच्या आसपास. रोज किती वाजता किती तापमान, किती ओलावा, सगळं हाताने नोंदवलेलं. तो कूलर होस्टेलच्या खोलीसाठी नव्हता. गारव्याचा संशय तिला एप्रिलपासूनच असावा.

काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे लिहिताना वाईट वाटलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

तिसऱ्या प्रकरणात एक पान मात्र कोरं आहे. वर शीर्षक, 'मूळ प्रयोगाच्या वेळची परिस्थिती'. खाली फक्त 'येथे परिच्छेद येईल'. घाईत राहून गेलं असावं. सतरा ठिकाणी शुद्धलेखन आणि दोन तक्ते दुरुस्त केले, ते पान राहिल्याचं कळवलं आणि परत पाठवलं.

८ जून, रविवार

आज बैठकीला गेलो नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. वैभवीचं उत्तर कालच आलं होतं. "राहिलं नाही सर. जागा ठेवली आहे."

मी ते चार-पाच वेळा वाचलं. कुणासाठी, असं विचारायचं मनात होतं. दुपारी गोपिका तांदूळ निवडत होती, तिला सहज वाचून दाखवलं. ती शाळेत आठवीपर्यंत शिकली. तिला माझ्या पेपरातलं काही कळत नाही, असं मी आजवर समजत होतो.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "तिनं ते तुमच्यासाठी सोडलं आहे. एवढं समजत नाही काय तुमाले?"

"तुला काय माहीत?"

"मले काय माहीत! दोन महिने झाले, तुम्ही देवापुढं बसता अन् आरती मधातच विसरता. कोरफड पाठवता. परवा नारळ नासका निघाला तं तुमचं तोंड पाहासारखं झालं. काय झालं ते सांगा आता."

मी सांगितलं. नत्थू, निळी चिठ्ठी, पांढरी चिठ्ठी, कूलर, रामनवमीची सकाळ. सांगायला फार वेळ लागला नाही.

ती म्हणाली, "अन् त्या पोरीले वाटलं का तिचाच हात वाईट. किती दिवस?"

"तीन उन्हाळे. मला माहीत झाल्यापासून दोन वर्षं."

"दोन वर्षं त्या पोरीनं आपल्याच हाताकडं पाहिलं असंल," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. तांदूळ तसेच राहिले होते.

मला वाटत होतं वैभवीने क्षमा केली. ती वाट पाहत होती. मे महिन्यापासून. कदाचित त्याच्याही आधीपासून.

११ जून, बुधवार

परिच्छेद लिहिला. संस्थेत बसून, इंग्रजीत आणि मराठीत. "प्रस्तुत प्रयोगात ट्रेंच्या मांडणीबाबत अनवधानाने काही असमानता राहिल्याचे नुकतेच निदर्शनास आले आहे." वाचून समाधान वाटलं.

सुशीलला दाखवला. तो दार लावून आला. "सर, काहून बैलाले 'ये, मार मले' म्हणून राहिले? ती पोरगी समितीसमोर तिचं काम दाखवंल, लोक म्हणतील हवामान बदललं. विषय संपला."

"तिच्या गाईडने तिला वाईट हाताची ठरवलं आहे."

"मंग दुसरा गाईड पाहू. आपली ओळख आहे ना." माझा चेहरा पाहून तो खुर्चीत बसला. "बरं, द्या. पण हे 'नुकतेच' राहू द्या, सर. हेच तुम्हाले वाचवंल. नुकतंच कळलं, लगेच सांगितलं. उलटं नाव होईल तुमचं. रोपटंवर हजार झाऱ्या पडतील."

तो माझ्या भल्याचंच बोलत होता. मलाही तेच हवं होतं, म्हणून तर तो शब्द लिहिला होता. चूक सांगायची आणि वर झाऱ्या घ्यायच्या. घरी येऊन हात-पाय धुतले, देवापुढे बसलो, आणि तिथेही तोच हिशोब डोक्यात. आज दिवा लावला नाही. लावावासा वाटला नाही.

१५ जून, रविवार

नत्थूचा उल्लेख न करता परिच्छेद होत नाही, म्हणून त्याला सांगायला लकडगंजला गेलो. भीती होती की त्याला वाटेल आपल्यामुळे सायेबांचं नाव गेलं.

रविवार असल्याने आरामशीन बंद होती. टपरीसमोर बाजेवर बसून त्याला समजावलं. पांढऱ्या चिठ्ठीचे ट्रे कशासाठी असतात. दोन्ही ट्रे सारख्याच उन्हात, सारख्याच सावलीत राहिले तरच कळतं की फवारणीने काय केलं.

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "मले वाटे पांढरे म्हणजे फेकाचे."

"तसं कुणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगंल? निळ्यापाशी तुम्ही रोज यायचे, वाकून वाकून पाहायचे. पांढऱ्यापाशी तुम्ही उभे बी राहत नव्हते." थोडं थांबून म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं तं पांढरे बी नेले असते ना गा सायेब. कूलरपाशी जागा होती."

इतकी वर्षं त्याने माझ्यासाठी पाणी घातलं, कलमं बांधली, चिठ्ठ्या लावल्या. त्याला एकदाही सांगितलं नाही की आपण काय करतो आहोत. अकराशे चाळीस जणांना फोनवर शिकवत होतो.

"माझं नाव टाकाचं असंल तं टाका," तो म्हणाला. "पण असं लिहा का नत्थूनं मायेनं केलं."

मी कबूल केलं. तसं लिहिलं आहे.

१७ जून, मंगळवार

विद्यापीठाच्या अतिथीगृहात लिहितो आहे. समिती दुपारीच संपली. जसं झालं तसं लिहितो.

पहाटे उठून 'नुकतेच' काढलं. 'अनवधानाने' काढलं. 'असमानता' काढलं. जे उरलं ते असं:

"२०१७ च्या उन्हाळ्यात फवारलेल्या कलमांचे ट्रे आमचे सहकारी नत्थू यांनी मायेपोटी रोज दुपारी कूलरजवळ ठेवले. न फवारलेले ट्रे ठेवले गेले नाहीत, कारण तेही महत्त्वाचे आहेत हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणून ती एकाहत्तर कलमं फवारणीने जगली असं म्हणता येत नाही. ही गोष्ट मला ३१ मे २०२३ पासून माहीत आहे. या वर्षी ६ एप्रिलला वैभवीने विचारलं तेव्हाही माहीत होती. तिच्या हातात दोष नव्हता."

निघण्याआधी ते मासिकाच्या संपादकांना आणि आमच्या संचालकांना पाठवलं. बस नागपूर सोडून वाडीच्या पुढे गेल्यावर रोपटंवर टाकलं आणि फोन बंद केला. मागे फिरायला वाव राहू नये, एवढाच विचार होता. मला स्वतःचा भरवसा वाटत नव्हता.

समितीत पाच जण होते. वैभवी फळ्यापाशी उभी होती, हातात रिमोट. मी दारातूनच पाच मिनिटं मागितली. तिचे गाईड उठून म्हणाले, "या या भोयर सर, तुम्हीच सांगा हिला!" आणि मला पुढे खुर्ची दिली. मी उभ्यानेच वाचलं. शेवटच्या तीन वाक्यांना आवाज बसला, म्हणून ती परत वाचावी लागली.

अध्यक्ष वयस्कर होते, भले गृहस्थ. चष्मा काढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चूक कुणाच्याही हातून होते. शास्त्राच्या दृष्टीने पहिली तीन वाक्यं पुरेत. या तारखांची आवश्यकता आहे का? त्याने तुमच्यावर चौकशी बसू शकते."

"बसू द्या," मी म्हणालो. "तारखा राहू द्या."

गाईड कागदपत्रं चाळत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. अध्यक्षांनी मान हलवली आणि वैभवीला म्हणाले, "घ्या तो कागद. तुमच्या अहवालात जागा आहे म्हणता ना?"

ती माझ्यापाशी आली. मी कागद दिला. तिने तो उभ्याउभ्या वाचला, सगळा, सावकाश, जसं आपण दुसऱ्याच्या प्रयोगाची नोंदवही वाचतो. धन्यवाद म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं की वाईट, अजून कळत नाही. मग तिने कागद टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि आपला पेन त्यावर ठेवला.

"सर, सही राहिली."

मी सही केली.